अर्धवट लिहिलेलं चालतं, चुकलेलं चालत नाही : नावं जुळवण्याच्या यंत्रविद्येचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी आम्हाला फोन करून विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाचं संगणकातल्या फायली शोधण्याशी काय काम? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आमच्याच घरी झालेल्या एका फजितीत आहे, म्हणून ती आधी सांगतो.

निवृत्तीनंतर आम्ही आमच्या जुन्या व्याख्यानांची टिपणं संगणकावर आणली. दोन-अडीच हजार फायली झाल्या. कुठली कुठे ठेवली हे लक्षात राहीना. गेल्या मे महिन्यात पुतण्याचा मुलगा सुट्टीला आला होता, तो संगणकाचंच शिकतो. त्याने ‘एफझेडएफ’ नावाचं एक साधन बसवून दिलं. नाव थोडंसं लिहायचं, की जुळणाऱ्या फायलींची यादी समोर येते आणि प्रत्येक अक्षरागणिक ती आक्रसत जाते. याला ‘फझी’ शोध म्हणतात. आम्हाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्यासाठी ‘नीतिमीमांसा तिसरे व्याख्यान’ ही फाईल हवी होती. आम्ही सावकाश, एकेक अक्षर बघून ‘नितीमीमांसा’ असं लिहिलं. यादी रिकामी! पोरगा हसला, म्हणाला, “आजोबा, तुम्ही फार लिहिता,” आणि त्याने नुसतं ‘नतमम’ एवढंच बडवलं. फाईल पहिल्या ओळीत हजर.

तुमच्या लक्षात आलं असेल, आमची वेलांटी चुकली होती. पहिलीच्या जागी दुसरी आणि दुसरीच्या जागी पहिली. पण त्याने तर एकही वेलांटी दिली नव्हती! म्हणजे अर्धवट लिहिणाऱ्याला सापडतं, आणि पूर्ण लिहून थोडं चुकणाऱ्याला सापडत नाही. हा न्याय कुठला? हा प्रश्न आम्हाला काही दिवस सोडेना, आणि तो धरून मागे मागे जाता जाता आम्ही शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत पोचलो.

पिट्सबर्गचे रॉबर्ट रसेल यांना १९१८ साली एक पेटंट मिळालं. पुढे ते आणि मार्गरेट ओडेल यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाऊ लागली. तिचं नाव साउंडेक्स. अडचण साधी होती. कार्डांच्या कपाटात आडनावं वर्णानुक्रमे लावली, तर स्मिथ हे नाव ‘आय’ने लिहिणारा एका खणात आणि ‘वाय’ने लिहिणारा दुसऱ्या खणात. कानाला एक, कागदावर दोन. रसेलने कागद सोडून कानाचा आधार घेतला. नावाचं पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवायचं. पुढचे स्वर टाकून द्यायचे. एच, डब्ल्यू, वायही टाकायचे. उरलेल्या व्यंजनांचे सहा गट. बी, एफ, पी, व्ही यांना १. सी, जी, जे, के, क्यू, एस, एक्स, झेड यांना २. डी आणि टी यांना ३, एलला ४, एम आणि एन यांना ५, आरला ६. लागोपाठचे एकाच गटातले वर्ण एकदाच मोजायचे. तीन आकडे झाले की थांबायचं, कमी पडले तर शून्यं भरायची. आपल्याकडे वर्णमाला कंठ्य-तालव्य अशा वर्गांत मांडण्याची सवय इतकी जुनी, की आपल्याला यात नवल वाटणार नाही. रोमन लिपीच्या ए-बी-सी-डी या क्रमाला मात्र उच्चाराशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तिथे हे गट मुद्दाम बांधावे लागले.

या पद्धतीचं खरं काम १९३० च्या दशकात निघालं. १९३५ साली अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा कायदा झाला. पासष्टीला पोचलेल्या म्हाताऱ्या माणसाला निवृत्तिवेतन मिळणार, पण त्याने वय सिद्ध करायचं कसं? त्यांच्या लहानपणी जन्मनोंद सगळीकडे होत नव्हती. उरली जुनी शिरगणती. तेव्हा सरकारने बेकारांना काम देण्याच्या योजनेतून माणसं लावली आणि १८८० च्या शिरगणतीची साउंडेक्सप्रमाणे कार्डं करून घेतली. सगळ्या कुटुंबांची नव्हे, ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल होतं तेवढ्याच घरांची. हिशेब करून बघा : १८८० साली दहा वर्षांचं पोर १९३५ साली पासष्टीचं होतं. शिरगणतीच्या कारकुनाने पन्नास वर्षांपूर्वी कानाला जसं आलं तसं आडनाव लिहिलेलं, आणि म्हातारा स्वतः ते वेगळं लिहिणार. मधली फट या तीन आकड्यांनी बुजवायची होती.

इथे आमच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या एका मावशीचं कुटुंब निवृत्तिवेतन अडलं. आडनाव फडके. तिच्या कागदांवर ते रोमन लिपीत ‘पी-एच’ने होतं, आणि काकांच्या कार्यालयातल्या नोंदीत ‘एफ’ने. नवा संगणक आला होता. खिडकीपलीकडचा मुलगा नाव घालायचा आणि सांगायचा, “नोंद नाही, आजी.” आठ महिने असे गेले. शेवटी एका जुन्या कारकुनाने छापील यादी काढून बोट फिरवत फिरवत नाव गाठलं. पुढे साउंडेक्स वाचलं तेव्हा आमच्या मनात पहिला विचार आला, की ही पद्धत तिथे असती तर? मग कागदावर मांडून पाहिलं. पी-एच वालं फडके होतं पी-३२०, आणि एफ वालं एफ-३२०. पहिलं अक्षर तसंच ठेवायचं, हाच नियम आडवा येतो! वैद्य ‘व्ही’ने आणि ‘डब्ल्यू’ने लिहा, तीच गत. उलट जोशी आणि जोग, दोघेही जे-२००. कुठल्याही मराठी माणसाला विचारा, जोशी आणि जोग एकच का? रसेलचा कान पिट्सबर्गचा होता. त्याने तिथल्या चुका माफ केल्या, आपल्या केल्या नाहीत.

दुसरा टप्पा १९६० च्या दशकातला. १९६४ साली आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमरॉ यांनी शुद्धलेखनाच्या चुका तपासून लिहिलं, की ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात : एक अक्षर चुकीचं, एक गळलेलं, एक जास्तीचं, किंवा शेजारची दोन उलटसुलट. (आमच्या ‘निती’त दोन वेगवेगळ्या वेलांट्या चुकल्या आहेत, म्हणजे या ८० टक्क्यांतही आम्ही बसत नाही. असो.) पुढच्याच वर्षी, १९६५ साली, मॉस्कोत व्लादिमीर लेव्हेनश्टाइन या तिशीच्या गणितज्ञाने एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या डोक्यात शुद्धलेखन नव्हतंच. तारेवरून जाणाऱ्या शून्य-एकच्या संदेशात एखादा अंक गळतो, एखादा जास्तीचा घुसतो, एखादा उलटतो, तरी मूळ संदेश कसा ओळखायचा, हा त्याचा प्रश्न. त्यातून अंतराची कल्पना आली : एका शब्दाचा दुसरा शब्द करायला कमीत कमी किती दुरुस्त्या लागतात, तेवढं त्यांच्यातलं अंतर. ‘नीति’ आणि ‘निती’ यांत अंतर २.

हे अंतर काढायचं कसं? एक शब्द आडवा, एक उभा लिहून चौकोनांचा तक्ता करायचा आणि शेजारच्या तीन घरांवरून प्रत्येक घर भरत जायचं. ही युक्ती वेगवेगळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचली. १९६८ साली युक्रेनमधल्या विंत्स्युक यांना ती माणसाचं बोलणं ओळखण्यासाठी सुचली, १९७० साली नीडलमन आणि वून्श यांना प्रथिनांची तुलना करण्यासाठी, आणि १९७४ साली वॅग्नर आणि फिशर यांनी ती अक्षरांच्या दुरुस्तीसाठी मांडली. १९८१ साली टेंपल स्मिथ आणि मायकेल वॉटरमन यांनी तिच्यात मोठा बदल केला. दोन लांबलचक रेणू सगळेच्या सगळे जुळवू नका, म्हणाले; त्यांच्यातला जो तुकडा सगळ्यात चांगला जुळतो तो शोधा. अंतर मोजण्याऐवजी त्यांनी गुण दिले. जुळलं की गुण वाढले, मध्ये खंड पडला की कमी झाले. हे नाव ध्यानात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, मग झालं की! अंतराची पद्धत आली, आजोबांची वेलांटी माफ होईल. व्हायला हरकत नव्हती. १९९२ साली अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या सुन वू आणि उदी मानबर यांनी ‘एग्रेप’ या साधनामागची पद्धत प्रसिद्ध केली. ‘दोन चुका चालतील’ असं त्याला सांगता येत असे. पण फायली शोधणारी मंडळी त्या वाटेने गेली नाहीत, आणि त्याला कारण आहे. ‘नतमम’ ही चार अक्षरं. ‘नीतिमीमांसा तिसरे व्याख्यान’पासून त्यांचं अंतर काढाल तर वीसच्या पुढे जाईल, आणि ‘मत’ नावाची एखादी भलतीच फाईल जवळची ठरेल. अंतर लांबीला शिक्षा करतं. इथे तर माणूस मुद्दामच आखूड लिहितो.

म्हणून या साधनांनी प्रश्नच बदलला. ‘किती चुका?’ असं न विचारता विचारलं : लिहिलेली सगळी अक्षरं, त्याच क्रमाने, त्या नावात कुठे ना कुठे आहेत का? मधली कितीही सुटोत. २००४ साली मॅक संगणकांसाठी आलेल्या टेक्स्टमेट या संपादकात अशी सोय होती आणि ती फार लोकप्रिय झाली. २०१० साली विम नावाच्या संपादकासाठी ग्रेग हरेल यांनी तिची नक्कल केली, तीही टेक्स्टमेटमधल्या कळांचंच नाव देऊन : कमांड-टी. आमच्या पोराने बसवलेलं एफझेडएफ हे २०१३ सालचं, जुनगुन चोई यांचं.

आता आमच्या प्रश्नाचं उत्तर. स्मिथ-वॉटरमनच्या तक्त्याचीच सुधारलेली आवृत्ती चोई यांनी पुढे वापरली, पण एक अट घालून : लिहिलेल्या अक्षरांपैकी एकही सुटता कामा नये, एकही बदलता कामा नये. नावातलं हवं तेवढं सोडा, माझ्या शब्दातलं मात्र काही सोडू नका. ‘फझी’ असं नाव, आणि आत अगदी कडक हो-नाही! १९६५ सालीच, लेव्हेनश्टाइनच्याच वर्षी, बर्कलीत लोत्फी झादे यांनी ‘फझी’ संचांचा सिद्धांत मांडला होता. त्यात एखादी गोष्ट संचात थोडी असते, बरीच असते. इथे तसं नाही. यादीत यायचं की नाही हे काटेकोर, धूसरपणा फक्त क्रमात. साउंडेक्सने कानाची चूक माफ केली, अंतराने बोटाची. या साधनाने आळस माफ केला, चूक नाही.

आम्हाला आधी हे कठोर वाटलं. मग पोराला काम करताना बघितलं. यादी डोळ्यांसमोर असते, चुकलं की ती रिकामी होते, तो एक अक्षर मागे घेतो. दुरुस्ती यंत्राने माणसाकडे सोपवली, कारण माणूस समोर बसलेला आहे. मावशीच्या वेळी असं नव्हतं. तिथे यादी खिडकीपलीकडे होती आणि चूक मावशीच्या पदरात.

क्रमाची गोष्ट जरा सविस्तर बघू, कारण खरी मेख तिथे आहे. दोन हजार नावांत ‘नम’ ही दोन अक्षरं त्या क्रमाने शे-दोनशे नावांत सापडतील. वर कोणाला ठेवायचं? एफझेडएफचे गुण असे : जुळलेल्या प्रत्येक अक्षराला १६. खंड सुरू झाला की ३ वजा, तो लांबला की दर अक्षराला आणखी १ वजा. अक्षर शब्दाच्या आरंभी जुळलं तर ८ जादा, आणि लिहिलेल्या पहिल्या अक्षरासाठी हा जादाचा भाग दुप्पट. लागून जुळली तर ४ जादा. (नंतरच्या आवृत्त्यांत मोकळ्या जागेनंतरच्या आरंभाला किंचित अधिक मिळतं; आपण ८ च धरू.) आता ‘वजनमाप’ घ्या. ‘न’ आणि ‘म’ एकमेकांना चिकटून : १६ अधिक १६ अधिक ४, एकूण ३६. ‘नगर मतदान’ घ्या. दोन अक्षरांमध्ये तीन चिन्हांचा खंड, म्हणून ५ वजा; पण दोन्ही शब्दारंभी : १६ आणि १६, वजा ५, मग १६ आणि ८. एकूण ५१. मतदान वर, वजनमाप खाली. अक्षरं चिकटून असूनही हरली! का? कारण चोई यांचा तर्क असा, की माणूस दोन अक्षरं लिहितो तेव्हा त्याच्या मनात बहुधा दोन शब्दांची आद्याक्षरं असतात. हा माणसाविषयीचा तर्क आहे, अक्षरांविषयीचा नव्हे.

आणि हा ८ आला कुठून? चोई यांनी आपल्या आज्ञावलीतच टीप लिहून ठेवली आहे. आद्याक्षरांमधला खंड सुमारे आठ अक्षरांच्या पुढे गेला की जादाचे गुण निष्प्रभ व्हावेत असा आकडा त्यांनी निवडला. कारण वेबस्टरच्या एका जुन्या इंग्रजी कोशाच्या शब्दयादीत आणि त्यांच्या स्वतःच्या संगणकावरच्या फायलींत शब्दांची सरासरी लांबी साधारण तेवढी भरते. आम्हाला हा प्रामाणिकपणा फार आवडला. रसेलने आपला कान असा कुठे नोंदवून ठेवला नाही. पण बघा, एका माणसाच्या फायलींच्या नावांची लांबी आज अगणित लोकांच्या याद्या लावते आहे.

नेल्सन गुडमन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७० साली साम्याच्या कल्पनेवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणं, दोन वस्तू ‘सारख्या’ आहेत असं नुसतं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. कोणत्या बाबतीत, कोणासाठी, हे सांगावं लागतं. त्याने उदाहरण दिलं विमानतळावरच्या सामानाचं. बघ्याला बॅगांचा रंग-आकार दिसतो, वैमानिकाला वजन, प्रवाशाला ती कुठे जायची आणि कोणाची. सारख्या बॅगा कोणत्या, याची तीन उत्तरं, आणि तिन्ही बरोबर. आपल्या नैयायिकांनी तर साम्याला लक्षणच असं दिलं, की वस्तू भिन्न हवी आणि तरी तिच्यात दुसरीचे पुष्कळ धर्म हवेत. पुष्कळ म्हणजे किती आणि कोणते, ते त्या त्या प्रसंगाने ठरायचं. त्यांचं उपमानाचं उदाहरण तुम्हाला माहीत आहे : वनवासी सांगतो, गवय गाईसारखा असतो; नगरातला माणूस रानात जातो, जनावर बघतो आणि ओळखतो, हाच तो गवय. आमचा पोरगा यादीकडे बघून तेच करत होता. साधनाने गवय ओळखला नाही. त्याने जनावरं रांगेत उभी केली. ‘हाच तो’ हे म्हणणं पोराकडे राहिलं.

देवनागरीत आणखी एक गंमत होते. संगणकाच्या लेखी ‘नी’ हे एक अक्षर नाही. ‘न’ वेगळा, वेलांटी वेगळी. म्हणून तर ‘नतमम’ चालतं. शिवाय युनिकोडमध्ये वेलांटी ‘अक्षर’ या वर्गात नाही, ‘चिन्ह’ या वर्गात आहे, आणि एफझेडएफ शब्दाची सीमा अशा वर्गांवरून ठरवतं. परिणाम असा, की कान्या-मात्रेनंतर येणारं प्रत्येक व्यंजन त्याला नव्या शब्दाचा आरंभ वाटतं आणि ८ जादाचे गुण घेऊन जातं. ‘उपमान’मधला ‘न’ शब्दारंभी, ‘गगन’मधला नाही! कोणी मुद्दाम केलेलं नाही हे. पण मराठी यादीचा क्रम कधीकधी चमत्कारिक का लागतो, त्याचं कारण इथे आहे.

दुसरी एक वाट आहे, ती साम्य बाजूला ठेवून सवयीला विचारते : तुम्ही कोणती गोष्ट वारंवार आणि अलीकडे उघडलीत? फायरफॉक्सने २००८ साली पत्त्याच्या पट्टीत ही पद्धत आणली. सोयीची आहे. पण आम्हाला हवी होती ती फाईल आम्ही बारा वर्षांत उघडली नव्हती. म्हातारपणी माणूस शोधतो ते बहुधा असंच काहीतरी, त्यामुळे या वाटेवर आम्ही रमलो नाही.

सध्या आम्ही पोराच्या सांगण्यावरून काना, मात्रा, वेलांटी सगळं गाळून शोधतो. मोडी लिहिणारे ह्रस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळत नसत, आम्ही त्यांच्याही पुढे गेलो आहोत. ‘उपमान’साठी ‘उपमन’, ‘अनुमान’साठी ‘अनमन’. बहुतेक वेळा हवं ते पहिल्या तीन ओळींत येतं.

ती फाईल त्याच दिवशी विद्यार्थ्याला पाठवली. आता तोही साठीच्या घरात आहे. संध्याकाळी त्याचं उत्तर आलं : “सर, नितीमीमांसा मिळाली.” दोन्ही वेलांट्या आमच्यासारख्याच.

इथे थांबतो. कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.